बार्बी हे नाव कुणाचं? एका पार्टी गाण्यावरच्या खटल्याची गोष्ट

मोठ्या नणंदेच्या मुलीची हळद होती. डीजेने ‘बार्बी गर्ल’ लावलं तशी धाकट्या नणंदेची सात वर्षांची लेक धावत आली आणि विचारलं, "मामी, हे बार्बीच्या सिनेमातलं गाणं आहे ना?"

मी "नाही गं" म्हणाले खरं, पण पुढचं काही सांगता येईना. त्या गोंगाटात सांगण्यासारखं ते नव्हतंच. हे गाणं त्या सिनेमाच्या 26 वर्षं आधीचं. ज्या कंपनीची बार्बी, तीच कंपनी या गाण्याविरुद्ध अमेरिकेच्या कोर्टात गेली होती. अपील कोर्टाच्या निकालापर्यंत जवळपास पाच वर्षं गेली. ज्या गाण्याला लोक ‘नुसता धांगडधिंगा’ म्हणत होते, त्याच्यावरून न्यायाधीशांना एक फार मोठा प्रश्न सोडवावा लागला: एखादं नाव सगळ्या जगाच्या तोंडी रुळलं की ते मालकाचं किती आणि आपलं किती? भाचीला तेव्हा सांगायचं राहिलं, ते इथे सांगते.

आधी गाणं. ‘अ‍ॅक्वा’ हा डेन्मार्कचा चौघांचा गट. सोरेन रास्टेड आणि क्लाउस नोरीन संगीत रचायचे, रेने दिफ हा डीजे होता आणि गायिका लेने न्यूस्त्रम नॉर्वेची. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये ये-जा करणाऱ्या बोटीवर ती गात असे, तिथे रेनेने तिला ऐकलं. पुढे रास्टेडने एक प्रदर्शन पाहिलं. भडक, स्वस्त, दिखाऊ वस्तूंचं. त्यात बार्बी बाहुल्याही मांडलेल्या होत्या. गाण्याची कल्पना तिथे सुचली. 1997 मध्ये गाणं आलं आणि युरोपभर पसरलं. ब्रिटनमध्ये ते सलग 4 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं.

या प्रकारच्या संगीताला युरोडान्स म्हणतात. जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड, स्वीडन अशा देशांत नव्वदच्या दशकात ते बहरलं. शब्द इंग्रजी, पण लिहिणाऱ्यांची मायबोली बहुतेक वेळा दुसरीच. त्यामुळे वाक्यं छोटी, शब्द साधे, यमक ठसठशीत. ठेका अखंड. ढोलपथकात टोल जसा न चुकता ताल धरून ठेवतो, तसा इथे मशीनचा ठोका प्रत्येक मात्रेवर पडतो. ‘बार्बी गर्ल’मध्ये मिनिटाला साधारण 130 ठोके आहेत, म्हणजे सेकंदाला दोनाहून थोडे जास्त. पाय आपोआप हलतात ते त्यामुळे. आणि जवळजवळ ठरलेली गोष्ट म्हणजे एक बाईचा गोड, उंच आवाज आणि एक पुरुषाचा जाड, बोलल्यासारखा आवाज. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची सवय असलेल्या कानाला हे लगेच कळतं.

अ‍ॅक्वाने या ठरलेल्या साच्यालाच कथा करून टाकलं, आणि मला ही त्यांची खरी हुशारी वाटते. बारीक आवाजाची ती बार्बी झाली, जाड आवाजाचा तो तिचा मित्र केन. ती म्हणते की प्लॅस्टिकमधलं आयुष्य किती छान, माझे केस विंचर, मला कसंही वळव, कसंही खेळव. तो म्हणतो चल, पार्टी करू. वरवर दोन बाहुल्यांचा लाडिक संवाद. पण जिला स्वतःचं काही म्हणणंच नाही, जी दुसऱ्याने वळवावी तशी वळते, तिचा तो आनंद ऐकताना कुठेतरी खटकतो. व्हिडिओत तर केन तिचा हात धरतो आणि तो हात खांद्यातून निखळून त्याच्या हातात येतो. ज्यांनी लहानपणी बाहुलीशी खेळलंय त्यांना तो क्षण वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हात ओढला की ‘टक्’ असा आवाज यायचा आणि खांद्याच्या जागी गोल भोक राहायचं.

1998 साली आमच्या शाळेच्या गॅदरिंगला आम्ही आठवीच्या मुली या गाण्यावर नाचलो. बाईंनी दोन कॅसेटच्या टेपरेकॉर्डरवर गाणं उतरवून घेतलं. एका ओळीपाशी त्यांनी पॉजचं बटण दाबून ठेवलं आणि ओळ संपल्यावर सोडलं. तिथे एक छोटा खड्डा पडला. स्टेजवर त्या खड्ड्यात आम्ही सगळ्याजणी हात वर करून पुतळ्यासारख्या थांबायचो. ती ओळ का गाळली हे आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. आमच्या लेखी ते आनंदाचं गाणं होतं. बाईंना मात्र त्यात दुसरंच काहीतरी ऐकू आलं होतं. आज वाटतं, दोन्ही ऐकणं खरं होतं. जगभर तेच झालं: मुलं नाचली, समीक्षकांनी नाकं मुरडली, कुणाला ते बायकांचा अपमान वाटलं, कुणाला त्याच अपमानावर ठेवलेलं बोट.

आता कंपनीची बाजू. ती समजून घ्यायला हवी, कारण ती पोकळ नव्हती.

मॅटेल ही अमेरिकन खेळण्यांची कंपनी. तिच्या संस्थापकांपैकी एक रूथ हँडलर यांनी युरोपच्या प्रवासात ‘लिली’ नावाची जर्मन बाहुली पाहिली. लिली मुळात एका वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेतलं पात्र होती, आणि ती बाहुली मोठ्या माणसांसाठी विकली जायची. तिच्यावरून मॅटेलने 9 मार्च 1959 ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी आणली. मोठ्यांच्या चावट विनोदातून आलेली ती बाहुली घरोघरच्या मुलींच्या हातात देण्यालायक करायला कंपनीने अनेक वर्षं आणि अमाप पैसा घातला. आणि मग एक दिवस रेडिओवर बार्बीच्या नावाने असं गाणं वाजू लागतं, ज्यात तिच्या तोंडी चावट सूचना आहेत. गिऱ्हाईक कोण, तर पाच-सहा वर्षांच्या मुली. कंपनी चिडली यात नवल नाही. सप्टेंबर 1997 मध्ये तिने गाणं प्रसिद्ध करणाऱ्या एमसीए रेकॉर्ड्सवर आणि संबंधितांवर कॅलिफोर्नियात दावा ठोकला.

हा दावा कॉपीराइटचा नव्हता. ही गल्लत फार होते, म्हणून इथे थांबून सांगते. कॉपीराइट म्हणजे लिहिलेल्या, रचलेल्या, काढलेल्या कृतीवरचा हक्क: ही चाल माझी, हे चित्र माझं. अ‍ॅक्वाने मॅटेलची कुठलीही चाल उचलली नव्हती. दावा होता ट्रेडमार्कचा, म्हणजे नावावरचा. ट्रेडमार्कचं मूळ काम ग्राहकाला फसण्यापासून वाचवणं हे आहे. तुम्ही दुकानात ओळखीच्या नावाचा चहाचा पुडा मागता, तेव्हा तो त्याच कंपनीने भरलेला असावा, शेजारच्या गोदामात कुणी तेच नाव छापून भरलेला नसावा, एवढी खात्री कायदा देतो. नाव म्हणजे ‘हा माल कुणाकडून आला’ याची खूण.

म्हणून मॅटेलचा पहिला मुद्दा असा: गाण्याच्या नावात बार्बी आहे, लोकांना वाटेल गाणं आम्हीच काढलं किंवा आमच्या परवानगीने निघालं.

अपील कोर्टाने 24 जुलै 2002 ला निकाल दिला. तो लिहिला न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी. त्यांनी आधी विचारलं की एखाद्या कलाकृतीचं नाव वाचून माणूस काय समजतो? चित्राखाली एखाद्या सूप कंपनीचं नाव दिसलं, म्हणून ती कंपनी चित्रं विकायला लागली असं कुणाला वाटत नाही. गाण्यात महागड्या मोटारीचं नाव आलं, म्हणून गायिकेने मोटार कंपनीशी भागीदारी केली असं कुणी मानत नाही. शीर्षक हे आत काय आहे ते सांगतं. ‘बार्बी गर्ल’ हे गाणं बार्बीविषयी आहे, म्हणून नावात बार्बी. सरळ हिशेब.

यासाठी त्यांनी एका जुन्या खटल्याचा आधार घेतला. इटलीचे दिग्दर्शक फेलिनी यांनी दोन इटालियन नर्तकांवर सिनेमा काढला होता. हे दोघं जिंजर रॉजर्स आणि फ्रेड अ‍ॅस्टेअर या हॉलिवूडच्या प्रसिद्ध जोडीची नक्कल करून पोट भरायचे, म्हणून सिनेमाच्या नावात ‘जिंजर’ आणि ‘फ्रेड’ होतं. खुद्द जिंजर रॉजर्स यांनी दावा केला. 1989 मध्ये दुसऱ्या एका अपील कोर्टाने दोन प्रश्नांची कसोटी घालून दिली. त्या नावाचा कलाकृतीशी काहीतरी संबंध आहे का? आणि ‘हे मूळ मालकाचंच आहे’ असं उघड उघड भासवून लोकांची दिशाभूल केली आहे का? संबंध असेल आणि दिशाभूल नसेल, तर कलाकार मोकळा. ‘बार्बी गर्ल’ या कसोटीला उतरलं. उलट, हे गाणं म्हणजे सामाजिक टिप्पणी आहे आणि बाहुली बनवणाऱ्यांनी ते केलेलं किंवा मान्य केलेलं नाही, अशी सूचना अल्बमवर छापलेली होती.

मग प्रश्न आला थट्टेचा. इथे मराठी वाचकाला सोयीचं उदाहरण घरातच आहे. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी विडंबनं लिहिली, तेव्हा त्यांना त्या काळच्या कवितेच्या लकबींचीच टोपी उडवायची होती. त्या लकबी वापरल्याशिवाय ती टोपी उडवता येणारच नव्हती. आता समजा, कुणी एखाद्या कवीची तीच शैली उसनी घेऊन भलत्याच विषयावर, समजा महागाईवर, कविता लिहिली, तर तिथे तो कवी लक्ष्य नसतो, फक्त हत्यार असतो. अमेरिकन कोर्ट हा फरक फार काटेकोरपणे करतं. टोपी घातलेल्या मांजराच्या प्रसिद्ध बालपुस्तकाची शैली वापरून एका गाजलेल्या खून खटल्यावर पुस्तक काढणारे प्रकाशक 1997 मध्ये हरले, कारण त्यांना मांजराबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. अ‍ॅक्वाचं लक्ष्य मात्र बार्बीच होती: तिचं सौंदर्य, तिचं गुलाबी जग, तिच्यातून लहान मुलींना मिळणारा संदेश. बार्बीवर बोलायचं तर बार्बीचं नाव घ्यावंच लागणार.

एवढ्यावर भागलं असतं तर खटला सोपा होता. पण मॅटेलचा दुसरा मुद्दा अवघड होता, आणि माझ्या मते सगळ्या निकालाचा कस तिथेच लागला.

अमेरिकेत 1996 पासून एक नवा कायदा लागू झाला होता. ग्राहकाची फसगत झाली नाही तरी प्रसिद्ध नाव पातळ होऊ नये, असा त्याचा रोख. दुधात कुणी विष घातलं नाही, नुसतं पाणी घातलं तरी दूध बिघडतंच ना? तसं. न्यायाधीशांनी निकालात उदाहरण दिलं ‘हॅरी पॉटर ड्राय क्लीनर्स’ या कल्पित दुकानाचं. ते दुकान त्या जादूगार पोराचं आहे असं कुणालाही वाटणार नाही. तरीही अशी पाच-पन्नास दुकानं निघाली की ते नाव ऐकल्यावर एकच चित्र डोळ्यांसमोर येणं थांबतं. नावाची धार बोथट होते.

कोर्टाने इथे मॅटेलचं म्हणणं बरंचसं मान्य केलं. हो, गाण्यानंतर ‘बार्बी’ म्हटलं की काही लोकांना बाहुलीबरोबर गाणंही आठवतं, किंवा नुसतं गाणंच. म्हणजे नाव थोडं पातळ झालंच. पण त्याच कायद्यात एक सूट होती: वापर ‘अव्यापारी’ असेल तर दोष नाही. मॅटेल म्हणाली, अव्यापारी कसा? गाणं विकून पैसे कमावले की!

हा युक्तिवाद पटकन पटतो. मलाही पहिल्यांदा वाचताना पटला होता. पण नीट पाहा. कादंबरी विकली जाते, वर्तमानपत्र विकलं जातं, नाटकाला तिकीट असतं. पैसे घेतले एवढ्याने त्यांची जाहिरात होत नाही. कायद्याच्या भाषेत निव्वळ व्यापारी बोलणं म्हणजे ‘माझा माल घ्या’ एवढंच सांगणारं बोलणं. ‘बार्बी गर्ल’ एक वस्तू म्हणून विकलं गेलं, पण त्यात एक म्हणणंही होतं, आणि ते म्हणणं बार्बीविषयी होतं. म्हणून ते त्या सवलतीत बसलं. हे मान्य केलं नसतं, तर पोट भरण्यासाठी लिहिणारा, गाणारा, नाटक करणारा कुठलाही माणूस प्रसिद्ध नावावर बोलायला कचरला असता, आणि टीका करायची मुभा फक्त फुकट काम करणाऱ्यांना उरली असती.

या निकालात एक विचार आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. काही नावं मालकाच्या हातून निसटून भाषेत येतात. आपण ‘झेरॉक्स काढून आण’ म्हणतो, कंपनी कुठलीही असो. प्रवासात पाण्याची बाटली घेताना ‘एक बिसलेरी द्या’ म्हणतो. तुपाच्या जागी वनस्पती तूप आलं तेव्हा त्याला डालडाच म्हटलं गेलं. अशा नावांवर मालकाचा हक्क असतो, पण तो माल विकण्यापुरता. भाषेतला शब्द म्हणून तो बोलणाऱ्यांचा होऊन गेलेला असतो. नटूनथटून बसलेल्या मुलीला पुण्या-मुंबईत कुणी ‘अगदी बार्बी दिसतेस’ म्हणतं, तेव्हा तिथे बाहुलीची विक्री चाललेली नसते.

खटल्याची एक उपकथाही होती. मॅटेलच्या प्रतिनिधीने अल्बमवर छापलेल्या त्या सूचनेची तुलना बँक लुटताना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला माफीची चिठ्ठी देणाऱ्या दरोडेखोराशी केली. त्यावर एमसीएने उलट बदनामीचा दावा केला! कोर्टाने तोही फेटाळला. दरोडेखोर म्हटलं म्हणजे खरोखर दरोडा घातला असा आरोप नव्हे, रागाच्या भरातली ती अतिशयोक्ती आहे, असं ठरलं. म्हणजे गाण्याला जी मोकळीक, तीच गाण्यावर चिडणाऱ्यालाही. निकालाचं शेवटचं वाक्य कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. दोन्ही पक्षांना तिथे सल्ला दिलाय की आता शांत व्हा. 2003 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानेही मॅटेलचं अपील ऐकायला नकार दिला.

पुढे काळ फिरला. 2009 मध्ये मॅटेलनेच शब्द बदलून हे गाणं बार्बीच्या प्रचारासाठी वापरलं. 2023 च्या सिनेमातल्या गाण्यांपैकी एकात अ‍ॅक्वाच्या मूळ गाण्याचा तुकडा घेतला, आणि श्रेयात अ‍ॅक्वाचं नावही आलं. त्यामुळे माझ्या भाचीचा प्रश्न तसा अगदीच चुकीचा नव्हता.

त्याच वर्षी, सिनेमाच्या सहा आठवडे आधी, 8 जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिस्कीच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या कुत्र्याच्या खेळण्यावर निकाल दिला. तिथे थट्टा करणारा हरला. कारण त्याने ती नक्कल स्वतःच्या मालाची ओळख म्हणून, ब्रँड म्हणून वापरली होती. कोर्टाने फरक समजावताना ‘बार्बी गर्ल’च्या खटल्याचाच दाखला दिला: अ‍ॅक्वाने बार्बीविषयी गाणं गायलं, बार्बी या नावाने स्वतःचं दुकान उघडलं नाही.

आपल्याकडे काय? 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातही प्रसिद्ध नाव पातळ करण्याविरुद्ध तरतूद आहे. थट्टेला सूट असं स्पष्ट कलम मात्र त्यात नाही, त्यामुळे बरंच काही न्यायाधीशांवर राहतं. दिल्ली उच्च न्यायालयाचे दोन निकाल सांगण्यासारखे आहेत. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे असं म्हणत ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने टाटांच्या चिन्हासह एक ऑनलाइन खेळ काढला होता. मुंबईच्या टाटा सन्सने तो थांबवण्याची मागणी केली. 2011 मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई द्यायला नकार दिला, कारण तो खेळ म्हणजे टीकेचा एक प्रकार होता. त्याच्या आदल्या वर्षीचा, 2010 चा निकाल तर आपल्या विषयाची उलटी बाजू आहे. बाजारात दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या गाण्याच्या ओळी गाणाऱ्या बाहुल्या आल्या होत्या. इथे बाहुलीवर गाणं नव्हतं, गाणाऱ्याचीच बाहुली होती. त्या बाहुल्यांना मेहंदींबद्दल काही म्हणायचं नव्हतं, त्यांचा चेहरा वापरून माल खपवायचा होता. विकणारे हरले. पण विडंबन आणि व्यंगचित्र यांचा गळा प्रसिद्ध माणसाच्या स्वतःच्या चेहऱ्यावरच्या या हक्काने आवळला जाऊ नये, हेही न्यायालयाने त्याच निकालात नोंदवलं.

गाणं टिकलंय. यूट्यूबवर मूळ व्हिडिओ अब्जाहून जास्त वेळा पाहिला गेलाय. हळदीच्या त्या रात्री डीजेने ते दुसऱ्यांदा लावलं, तेव्हा आमच्या बाईंनी गाळलेली ओळ आली आणि स्पीकरवरून सरळ निघून गेली. कुणाचंही लक्ष नव्हतं. माझे हात मात्र सवयीने वर गेले आणि मी क्षणभर तशीच थांबले. भाचीला वाटलं ती स्टेपच आहे. तिनेही हात वर केले.